ध्यानवर्गाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

गेल्या महिन्यात ओळखीचे एक कारखानदार भेटले. चामड्याची पाकिटे व पिशव्या शिवून घेण्याचा त्यांचा धंदा. वीस कारागीर हाताखाली आहेत. त्यांचा माल उचलणाऱ्या कंपनीच्या माणसाने त्यांना सुचवले होते की, कारागिरांसाठी आठवड्यातून एकदा अर्धा तास ध्यानाचा वर्ग ठेवा. डोके शांत राहते, काम चांगले होते आणि परदेशी गिऱ्हाइकालाही असे काही केलेले आवडते. शिकवणारा एका खेपेचे हजार रुपये घेणार होता. कारखानदारांनी मला विचारले, "भाई, हजार रुपये जास्त तर नाहीत?"

मी म्हणालो, "हजाराचे नंतर पाहू. तुमचे कारागीर रोजावर आहेत की नगावर, ते आधी सांगा."

"नगावर," ते म्हणाले आणि थोडा वेळ गप्प राहिले. हिशेबी माणूस असल्यामुळे मुद्दा त्यांच्या लक्षात आला. तोच मुद्दा आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे सविस्तर मांडावा म्हणून हा लेख.

ही पद्धत आली कोठून?

कामाच्या ठिकाणी ध्यान ही कल्पना अमेरिकेतून आली असे पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तेथील सरकारचे महालेखापाल झालेले ऊ बा खिन यांनी १९५० साली आपल्या कचेरीतील नोकरवर्गासाठी विपश्यनेची संस्था काढली. हिशेबनिसांचीच कचेरी ती! रंगूनचे एक व्यापारी, सत्यनारायण गोएंका, १९५५ साली त्यांच्याकडे शिकले. डोकेदुखीच्या जुन्या आजाराने ते हैराण झालेले होते. पुढे १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ साली आपल्या इगतपुरीला त्यांचे मोठे केंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते. ते देणग्यांवर चालते.

अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. ध्यान होते, परंतु धर्माचा भाग बाजूला ठेवलेला होता. तोच नमुना पुढे कंपन्यांनी उचलला. गूगलमध्ये २००७ साली असे वर्ग सुरू झाले. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आपल्या खात्यांना 'वाय-ब्रेक' नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम कर्मचाऱ्यांत रुजवण्यास सांगितले. त्यात थोडी आसने, प्राणायाम आणि ध्यान आहे.

रुग्णालय, मोठी कंपनी, सरकारी कचेरी. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे बसणाऱ्या माणसाचा पगार त्या वेळात कापला जात नाही. रुग्णाचा तर प्रश्नच नाही. आपल्या कारखान्यांत ही गोष्ट गृहीत धरता येत नाही, आणि सगळा हिशेब तेथेच बदलतो.

कागद-पेन्सिल घेऊन बसू

समजा, कारखान्यात वीस माणसे आहेत आणि दहा तासांच्या दिवसाला प्रत्येकाची ६०० रुपये कमाई होते. म्हणजे तासाला ६० रुपये, अर्ध्या तासाला ३०. वर्षात ५० आठवडे वर्ग घेतला तर शिकवणाऱ्याचे ५०,००० रुपये झाले. वीस माणसांच्या अर्ध्या तासाचे दर आठवड्याला ६०० रुपये, म्हणजे वर्षाला ३०,००० झाले. एकूण ८०,००० रुपये, माणशी ४,०००. यात मागे पडलेला माल, उशिरा गेलेली खेप आणि बंद यंत्रावर चालू राहिलेले भाडे धरलेले नाही.

हा खर्च पाहून कोणी म्हणेल, शिकवणारा नको, रोज दहा मिनिटे आपणच शांत बसू. ठीक आहे. दहा मिनिटांचे माणशी १० रुपये, वीस माणसांचे रोज २००, तीनशे दिवसांचे ६०,०००. फी वाचली, तरी वेळेचे पैसे वाचत नाहीत.

आता खरा प्रश्न विचारा. वरच्या ३०,००० रुपयांची नोंद कोणाच्या खात्यावर पडते? माणसे महिन्याच्या पगारावर असतील तर मालकाच्या. रोजावर असतील आणि रोज कापला जात नसेल, तरी मालकाच्याच. परंतु माणसे नगावर असतील, जरीकामाची मजुरी साडीवर ठरत असेल, यंत्रमागावर मीटरने मिळत असेल, तर मालकाच्या वहीत त्या ठिकाणी शून्य दिसेल. तो अर्धा तास कारागिराने स्वतःच्या खिशातून भरलेला असेल. वर्षाचे १,५०० रुपये, म्हणजे अडीच दिवसांची कमाई. वर्गाच्या सूचनेवर 'मोफत' लिहिलेले असेल आणि बिल कारागिराच्या घरी गेलेले असेल!

इगतपुरीच्या शिबिरालाही हेच लागू आहे. फी नाही हे खरे. परंतु दहा दिवस शिबिराचे, जाण्या-येण्याचे वेगळे. नगावर काम करणाऱ्याच्या घरी तेवढे दिवस चूल कशावर पेटायची, हे कोणीतरी आधी ठरवावे लागते.

घाम सुकण्यापूर्वी मजुरी हातात पडावी, ही शिकवण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. शांत बसवण्याच्या नावाने त्याच मजुरीतून नकळत कपात होत असेल, तर ती शांती कसली?

पदरात काय पडते?

मोठ्या कंपन्यांचे आकडे आपल्याला नेहमी ऐकवले जातात. अमेरिकेतील एटना या आरोग्यविमा कंपनीने २०१५ च्या सुमारास जाहीर केले की, ध्यान व योगाचे वर्ग केलेल्या कर्मचाऱ्यांचा ताण सरासरी २८ टक्क्यांनी कमी झाला, आठवड्याला सरासरी ६२ मिनिटांचे काम वाढले आणि त्याची किंमत माणशी वर्षाला ३,००० डॉलर होते. आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत आणि कर्मचाऱ्यांनी दिलेल्या उत्तरांवर बेतलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. तरी त्या कंपनीने आधी २३९ कर्मचाऱ्यांवर रीतसर चाचणी केली होती आणि २०१२ साली छापलेल्या त्या निष्कर्षात ताण व झोप या दोन बाबतींत फायदा दिसला होता. तेव्हा ध्यानात काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला झोप लागत नाही, त्याला झोप लागली तर ती मोठी गोष्ट आहे.

परंतु त्या कंपनीला हे परवडते कसे, हेही पाहावे. तेथे कर्मचाऱ्याच्या आरोग्यविम्याचा मोठा भाग मालक भरतो. माणूस कमी आजारी पडला की मालकाचे पैसे वाचतात. आपल्याकडे नगावरचा कारागीर आजारी पडला तर डॉक्टरचे बिल त्याचे आणि बुडालेला दिवसही त्याचाच. म्हणून त्याची तब्येत सुधारली तरी त्याचा फायदा मालकाच्या वहीत क्वचितच उमटतो. तिकडचा नफ्याचा हिशेब जसाच्या तसा इकडे आणणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने आपला अंगरखा शिवणे होय.

आणि एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. याच एटना कंपनीने २०१५ साली आपल्या सर्वात कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांचा दर वाढवून तासाला १६ डॉलर केला. सुमारे ५,७०० लोकांना तो मिळाला. आपल्याच काही कर्मचाऱ्यांना सरकारी अन्नमदतीवर राहावे लागते, हे त्यांच्या प्रमुखांना खटकले होते. ध्यानवर्ग भरवणाऱ्या कंपनीलाही शेवटी मजुरीकडे यावे लागले, ही बाब आपण विसरू नये.

२०२४ साली ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून लेख प्रसिद्ध केला. ध्यान, ताण कमी करण्याचे वर्ग, मोबाईलवरचे कार्यक्रम यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्यात त्यांना फरक दिसला नाही. स्वयंसेवेची कामे हा तेवढा अपवाद होता. एका वेळच्या माहितीवरून कारण आणि परिणाम पक्के सिद्ध होत नाहीत. तरीही त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे: माणसाला बदलण्यापेक्षा कामाची मांडणी बदला. पाळीचे तास, मजुरी, कामाचा भार यांकडे लक्ष द्या.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागते. तेथे आठवड्याला अर्धा तास डोळे मिटून बसवले आणि मग परत त्याच गोंगाटात सोडले, तर काय साधणार? तितक्याच पैशात कानांत घालायची बोळी, हवा खेळती ठेवणारे पंखे, थंड पाणी आणि पाठीला टेकू देणारी बैठक येऊ शकते.

जबरदस्ती नको

दुसरा खर्च पैशात लिहिता येत नाही, परंतु कधी कधी तोही पैशात मोजावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातील एका कंपनीत मालकाच्या नात्यातील बाईंनी सुरू केलेल्या एका आध्यात्मिक पंथाचे कार्यक्रम कर्मचाऱ्यांवर लादले गेले. प्रार्थना, मेणबत्त्या, चर्चा असे सगळे होते. दहा कर्मचाऱ्यांच्या बाजूने खटला उभा राहिला आणि २०१८ साली ज्युरीने ५१ लाख डॉलरची भरपाई ठरवली.

आपल्या कारखान्यांत सर्व धर्मांचे लोक काम करतात. मुसलमान मालकाकडे हिंदू व बौद्ध कारागीर आहेत आणि कित्येक मुसलमान कारागीर इतरांकडे कामाला आहेत. ध्यानाच्या वर्गात मंत्र असेल, मूर्ती असेल, नमस्कार असेल, तर काहींना अवघड वाटेल. म्हणून मालक कोणत्याही धर्माचा असो, नियम एकच असावा. ज्याला बसायचे तो बसेल. ज्याला बसायचे नाही त्याला कारण विचारले जाणार नाही आणि त्याचे काम किंवा कमाई कमी होणार नाही. जो वेळ ध्यानाला दिला, तोच वेळ कोणाला नमाजाला, कोणाला जपाला, कोणाला नुसता चहा पिऊन पाय पसरायला मिळावा.

मालेगावात जुम्म्याला यंत्रमाग थांबतात. ते ठरलेले असते, सर्वांना माहीत असते आणि त्यावर वाद होत नाही. कामातला विसावा असाच ठरलेला असावा. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही सलग पाच तासांपेक्षा जास्त काम न घेता निदान अर्धा तास विश्रांती देण्याचे बंधन घातले होते. आपले लहान कारखाने बहुधा अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिले, म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही.

मग करावे काय?

माझ्या मते क्रम असा असावा. पहिले, मजुरी ठरल्या दिवशी द्या आणि उचलीचा हिशेब कारागिराच्या हातात लेखी ठेवा. याला खर्च येत नाही, आणि घरखर्चाच्या चिंतेने जागणाऱ्या माणसाला यानेच झोप लागते. दुसरे, विसाव्याची वेळ नक्की करा. तिसरे, गोंगाट, धूळ, उकाडा आणि अंधूक उजेड यांवर पैसे घाला. एवढे झाल्यावर कारागिरांनाच विचारा की ध्यानाचा वर्ग हवा का. हवा असेल तर एक महिना करून पाहा. नगावरच्या माणसाला त्या वेळेची भरपाई त्याच्या रोजच्या सरासरीने द्या. महिन्याच्या शेवटी खराब निघालेला माल, गैरहजेरी आणि भांडणे यांची आधीच्या महिन्याशी तुलना करा आणि मग निर्णय घ्या. माल दुपटीने निघेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत तर ध्यानानंतर पुढचे काम करण्याची ओढ कमी झालेली दिसली. काम मात्र बिघडले नव्हते.

आमच्या त्या कारखानदारांनी घरी जाऊन हिशेब केला. तूर्त वर्ग ठेवायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे. दुपारी चार वाजता पंधरा मिनिटे सगळे काम थांबते आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे नगाच्या दरात धरले आहेत. "खर्च येतो," ते म्हणाले, "परंतु तो माझ्या वहीत लिहिलेला आहे."

आपल्यापैकी ज्यांच्याकडे चार माणसे काम करतात, त्यांनी आपली वही एकदा याच नजरेने तपासावी, एवढीच विनंती.