चित्र त्यांचं, गुन्हेगार आम्ही



आज आम्हाला अतिक्रमणवाले म्हणतात. इंग्रजाच्या वेळी लुटारू म्हणायचे. नाव बदललं, पण नाव ठेवणारा अजूनही लांबच बसलेला आहे.

1818 साली इंग्रजांनी खानदेश घेतला. डोंगरातल्या नाईकांनी त्यांना मानलं नाही. म्हणून 1825 साली जेम्स आउट्रम साहेबानं आमच्याच पोरांची भिल्ल पलटण उभी केली अन् आमच्यावरच सोडली. 1857 साली खाज्या नाईक, भीमा नाईक उठले. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीला लढाई झाली. आमची माणसं मेली, बायाही धरून नेल्या.

तेव्हा लंडनात चित्रांची वर्तमानपत्रं अन् पुस्तकं जोरात होती. लाकडावर कोरून लढाया छापायच्या, अन् विलायतेतला माणूस घरात बसून बघायचा. 1859 साली बार्कर नावाच्या चित्रकारानं लखनौच्या लढाईचं मोठं चित्र काढलं, तेही दुसऱ्यानं आणलेल्या रेखाटनांवरून. त्यात मानाच्या जागी कोण? हाच आउट्रम! छापे काढून ते चित्र विकलं. बघणाऱ्याला कळलं की साहेब शूर आहे. पण साहेब तिथं कोणाच्या जमिनीवर उभा आहे, हे त्याला कोणी सांगितलं?

कोणी म्हणेल, जुन्या चित्रांचं आम्हाला काय? तर ऐका. आज आमचा दावा आला की उपग्रहाचा फोटो पुढं करतात. म्हणे, इथं शेत दिसत नाही. मोहाच्या झाडांमधलं, उतारावरचं आमचं शेत आभाळातून काय दिसणार? पुन्हा लांबूनच काढलेलं चित्र, अन् पुन्हा आम्हीच खोटे!

पण या वेळी कायदा आमच्या हातात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंच मान्य केलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. नियमांत पुराव्याच्या यादीत सरकारी गॅझेटियर आहे, तसाच गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही आहे. अन् 2012 च्या सुधारणेत साफ लिहिलंय की उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही.

म्हणून प्रत्येक पाड्यात वनहक्क समितीनं बसावं. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्यांना, म्हाताऱ्यांच्या बायकांनाही विचारावं. शेत कोणी फोडलं, बांध कोणी घातला, देव कुठं आहे, मसणवट कुठं आहे, सगळं लिहावं. अंगठा घ्यावा. जबाबासोबत दुसरा एक पुरावा जोडावा, कारण एकावर भागत नाही. दिलेल्या कागदाची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

त्यांनी आमचं चित्र खूप काढलं. आता आमचं आम्ही लिहू.

जल, जंगल, जमीन आमची!