काटा शून्यावर पडला म्हणून ईसीएम मेला असं होत नाही

आज पिकाचं नाही, ट्रॅक्टरच्या वायरीचं लिहितोय. पण वापसा त्यात अडकला होता, म्हणून इथंच लिहितो.

आमचा ५५ एचपीचा, नवीन नियमातला. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम आले, अन् तेव्हापासून पंप जाऊन कॉमन रेल अन् कंट्रोलर आला. डिझेल किती, कधी सोडायचं ते आता ईसीएम ठरवतो. समोरच्या मीटरलाही आरपीएम, पाण्याचं टेंपरेचर तोच सांगतो. सांगतो कसं, तर एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून. तिला कॅन लाईन म्हणतात.

हरभऱ्याच्या रानात रोटा मारताना आरपीएमचा काटा धप्पकन शून्यावर, टेंपरेचर गायब, लाल लाईट चालू. इंजिन मात्र टकाटक चालू. तरी थांबवला. टेंपरेचर दिसत नसताना लोडवर चालवायचा म्हणजे डोळे झाकून विहिरीच्या काठानं चालण्यासारखं.

शोरूमचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. लावला. स्क्रीनवर आलं की ईसीएम उत्तर देत नाही. लगेच म्हणाला, काका, ईसीएम गेला. धुताना पाणी गेलं असणार, वॉरंटीत बसणार नाही. साठ हजाराच्या वर खर्च, अन् माल यायला आठ दिवस. आठ दिवसांत माझ्या रानाची ढेकळं झाली असती.

मी दहावी पास माणूस, पण एक गोष्ट डोक्यात बसेना. ईसीएम मेला असता तर इंजिन चाललं कसं? डिझेल तर तोच सोडतोय. म्हणजे माणूस जिवंत आहे, फक्त फोन लागत नाही.

तालुक्याला उसाच्या ट्रकांचं लाईट काम करणारा एक मिस्त्री आहे, त्याला आणला. त्यानं लॅपटॉप काढलाच नाही. आधी बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, चासीची अर्थ पट्टी बघितली. मग चावी बंद, बॅटरीचा मायनस काढला, अन् लॅपटॉप जिथं लावतात त्या नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये सी अन् डी पिनेला साधं मल्टिमीटर लावलं. म्हणाला, लाईनीच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचा रेझिस्टन्स असतो, दोन्ही मिळून ६० दिसला पाहिजे. दिसला १२०. म्हणजे एक टोक तुटलंय. शून्याजवळ दिसला असता तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. काहीच दिसलं नसतं तर दोन्ही टोकं गेलीत नाहीतर सॉकेटकडंच वायर तुटलीय. (बॅटरी जोडलेली ठेवून मोजाल तर आकडा खोटा येतो, हे ध्यानात ठेवा.)

मग मी मीटर धरून बसलो अन् तो हार्नेस हलवत गेला. एका ठिकाणी १२० चा ६० झाला, परत १२०. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या क्लिपखाली टेप सोडला तर दोनपैकी एक वायर घासून तुटलेली, नुसत्या धाग्यावर टेकलेली. डाग दिला, स्लीव्ह चढवली, पीळ परत होता तसा घातला. पीळ शोभेचा नाही, बाहेरच्या करंटचा गोंधळ त्यानं मारला जातो. बॅटरी जोडून चावी चालू केली, दोन्ही वायरी चासीशी मोजल्या, दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास. काटा जागेवर. मिस्त्रीनं पाचशे रुपये घेतले अन् एक चहा.

शोरूमच्या पोराला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवलं ते तो बोलला. पण कोड हा सुगावा आहे, निकाल नाही. 'संपर्क नाही' याचा अर्थ बोलणारा मेला, ऐकणारा मेला, की मधली वायर तुटली, यातलं काहीही असू शकतं. पान पिवळं दिसलं की लगेच युरिया टाकणारा आणि हा, दोघं सारखेच. कृषी सहाय्यक साहेब वाचत असतील तर त्यांना हे पटेल.

माझं म्हणणं एवढंच की ट्रॅक्टर विकताना वायरिंगचा नकाशा अन् कोडचा अर्थ मराठीत हातात द्या. मिस्त्रीला मीटरनं लाईन सापडली, पण कुठली पिन कुठं जाते हे तो ट्रकच्या अनुभवावर बोलत होता. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारं धरलीत. अमेरिकेत कोलोरॅडोत तर शेती यंत्रासाठी कायदाच झाला, २०२४ पासून लागू. आम्ही धुराची सेटिंग बदलायला मागत नाही. ते सॉफ्टवेअर तुमच्याकडंच राहू द्या. वायर कुठून कुठं जाते ते सांगा. वॉरंटीतल्या वायरीला हात लावताना भीती वाटते, मलाही वाटली. म्हणून फोटो काढून ठेवले, आधीचे अन् नंतरचे.

आणखी एक. ट्रॉलीला किंवा हूकला वेल्डिंग मारायचं असेल तर आधी बॅटरी सोडा अन् ईसीएमचा कनेक्टर काढा. अन् प्रेशरचं पाणी कनेक्टरवर मारू नका, पोरांना सांगून ठेवा.

हरभरा तिसऱ्या दिवशी पेरला. ज्यांच्याकडं नवीन ट्रॅक्टर आहेत त्यांनी चालू स्थितीत एकदा सी-डी पिनेचा आकडा मोजून वहीत लिहून ठेवा, अन् कुणाला कंपनीकडनं वायरिंगचा नकाशा मिळाला असेल तर खाली फोटो टाका.