मेमरी कार्ड घेताना जीबी नंतर, आधी कॅमेऱ्याचं मॉडेल सांगा



फोटो-व्हिडिओच्या धंद्यावर बॅच घेतली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ६४ घेऊ का १२८?" माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. आणि ही चूक ग्राहकापेक्षा आम्ही दुकानदार जास्त करतो. मी स्वतः केलीये, म्हणून सांगतोय.

पिंपळे गुरवमध्ये माझं मोबाईल अ‍ॅक्सेसरीज, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. नवी सांगवीच्या एक ताई आल्या. घरातून साड्या विकायच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचे, असं त्यांचं काम नुकतंच सुरू झालं होतं. भावाचा २००८ च्या आसपासचा छोटा डिजिटल कॅमेरा घरी पडून होता. म्हणाल्या, "दादा, कार्ड द्या, जरा मोठंच द्या." मी ६४ जीबीचं दिलं. दुसऱ्या दिवशी परत. स्क्रीनवर कार्ड एरर. मी कार्ड बदलून दिलं, तरी तेच. मग मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "ताई, कॅमेराच गेलाय."

पुढच्या महिन्यात त्या झेरॉक्सला आल्या तेव्हा कळलं, हप्त्यावर नवीन कॅमेरा घ्यायचं चाललंय. धंदा सुरू होऊन दोन महिने नाहीत आणि डोक्यावर हप्ता, तोही माझ्या एका वाक्यामुळे! म्हटलं, जुना एकदा घेऊन या. कार्डाच्या खाचेजवळ बारीक अक्षरात छापलेलं होतं, एसडीएचसी. १६ जीबीचं कार्ड घातलं, कॅमेरा सुरू. सहा वर्षं कार्डं विकत होतो मी, आणि बीबीए झालेला माणूस!

गंमत अशी, की एसडी कार्ड बाहेरून सगळी सारखीच दिसतात. खाचेत बसतं म्हणजे चालतं, असं वाटतं. पण आत पिढ्या आहेत. साधं एसडी २ जीबीपर्यंत. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी जाहीर झालं, ते ३२ च्या पुढे २ टीबीपर्यंत. नवा कॅमेरा जुनं कार्ड साधारणपणे घेतो, जुना कॅमेरा नवं कार्ड घेईलच असं नाही. कारण फाइल साठवायची पद्धतच वेगळी आहे, एसडीएचसीला फॅट३२ आणि एसडीएक्ससीला एक्सफॅट. काही जण मोठं कार्ड कॉम्प्युटरवर फॅट३२ करून जुन्या कॅमेऱ्यात चालवतात. चालतंही कधीकधी. पण ज्या कामाचे पैसे घ्यायचेत, त्या कामासाठी हा जुगाड मी कुणाला सांगत नाही.

सध्या जुने डिजिकॅम घ्यायची फॅशन आहे, म्हणून अजून एक. काही जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते, जुन्या ऑलिंपस-फुजीला एक्सडी कार्ड. हजार रुपयात कॅमेरा मिळाला म्हणून खूश होऊ नका, आधी कार्ड कुठे मिळतं ते बघा.

आता व्हिडिओवाले. चाकण, भोसरीच्या वर्कशॉपचे प्रॉडक्ट व्हिडिओ करणारी, हळदी-लग्नाच्या ऑर्डरी घेणारी बरीच मुलं माझ्याकडे येतात. इथे वेगाचा घोळ होतो. कार्डावर मोठ्या अक्षरात १५०, २०० असा आकडा असतो. तो बहुतेक वेळा वाचण्याचा कमाल वेग असतो. रेकॉर्डिंगला लागतो तो लिहिण्याचा वेग, आणि तोही सलग टिकणारा. त्यासाठी बारीक खुणा बघायच्या. गोलात १० किंवा यू अक्षरात १ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. यू अक्षरात ३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३०. ए१, ए२ ही खूण मोबाईलमधल्या अ‍ॅपसाठी आहे, कॅमेऱ्यात तिचा उपयोग नाही.

हिशोब करून दाखवतो. सोनी झेडव्ही-ई१० वर फोरके १०० एमबीपीएसने शूट केलं, तर ८ ने भागायचं, म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. दहावालं कार्ड इथेच मागे पडतं, म्हणून त्या सेटिंगला कंपनीच यू३ मागते. मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. म्हणजे ६४ च्या कार्डात सव्वा तासाच्या थोडं वर. आता सांगा, ६४ का १२८? आता उत्तर देता येतं, कारण कॅमेरा आणि काम दोन्ही माहीत आहे.

व्ही९०, यूएचएस-टू वगैरे महागडी कार्डं उगाच घेऊ नका. यूएचएस-टूला मागे पिनांची दुसरी ओळ असते. तुमच्या कॅमेऱ्यात ती ओळ वाचायची सोयच नसेल, तर ते यूएचएस-वनच्याच वेगाने चालणार. तेच पैसे दुसऱ्या कार्डात घाला. एक मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम बरी, हे माझं मत. काही लग्नवाले म्हणतात, ऐन मंगलाष्टकात कार्ड बदलत बसायचं का? बरोबर आहे त्यांचं. म्हणून बदलायचं ते आधी, अंतरपाट धरायच्या आत, थोडी जागा शिल्लक असली तरी. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाचं एकमेव कार्ड वरातीनंतर उघडेनाच. ठरलेले पैसे गेले, त्याच घरातली पुढची दोन कामंही गेली.

तपकीर गल्लीतून आणा नाहीतर ऑनलाइन, बिल घ्याच. नकली कार्डावर १२८ लिहिलेलं असतं आणि आत भलतंच कमी निघतं. फोटो भरत जातात आणि मागचे खराब होतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून खरी जागा सांगतं. रिकाम्या नव्या कार्डावर रात्री लावून झोपा. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि जुन्या कार्ड रीडरने "फॉरमॅट करायचं का?" विचारलं, तर घाबरून होय दाबू नका. कार्ड चांगलं असतं, रीडर जुना असतो.

हल्ली माझ्या काउंटरवर भाव सांगायच्या आधी "कॅमेरा कोणता?" विचारतात, मुलांना तसं सांगूनच ठेवलंय. गिऱ्हाईक कधीकधी वैतागतं. तुम्ही येताना कॅमेराच घेऊन या. नाहीच जमलं, तर खालच्या बाजूला मॉडेल नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून आणा.