सुपरवायझर झालात? आधी ऐकायला शिका!

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा सुपरवायझर झाला की आम्हाला आनंद होतो. पण बंधू-भगिनींनो, हुद्दा मिळाला म्हणजे बोलायला आले असे नाही. आम्ही स्वतः त्यात चुकलो आहोत.

पॉवर प्रेस खात्यात आम्ही नुकतेच चार्जमन झालो होतो. डायमध्ये पत्रा अडकला. मशीनच्या गोंगाटातच आम्ही ओरडलो, "बंद कर आणि काढ!" नव्या पोराने मान डोलावली, स्विच बंद केला आणि हात आत घातला. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. शेजारच्या कामगाराने हात ओढला म्हणून बोटे वाचली. वर आम्ही त्या पोरालाच झापले! सुट्टी झाल्यावर तो म्हणाला, "दादा, मला समजलं नव्हतं. पण विचारलं असतं तर तुम्ही चिडला असता."

ते शब्द आम्हाला लागले. तेव्हापासून आम्ही काम मशीनपासून बाजूला नेऊन सांगतो, त्याचे कारण सांगतो आणि "समजलं का?" असे न विचारता "आता काय करशील, सांग" म्हणतो. चूक एकट्याला सांगतो, शाबासकी चारचौघांत देतो.

१९४२ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एकाच परिषदेत समोरासमोर बसवले. मग आपल्या हाताखालच्या हेल्परचे ऐकून घेण्यात आपल्याला कसला कमीपणा?