कपाटात दडलेला प्रयोग

जपानमध्ये समुद्रकाठी मिनामाता नावाचं गाव आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत तिथली मांजरं वेड्यासारखी नाचू लागली आणि तडफडून मरू लागली. मग १९५६ साली कोळ्यांच्या लहान मुलांना तसंच काहीतरी झालं. त्यांना नीट चालता येईना, बोलता येईना.

गावात चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. त्याचं सांडपाणी समुद्रात जाई. त्यातला विषारी पारा मासळीच्या अंगात साठे. कोळ्यांच्या ताटात तर रोज मासळीच!

कारखान्याच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर होसोकावांनी १९५९ मध्ये एका मांजराला अन्नातून ते सांडपाणी दिलं. मांजर अगदी तस्संच आजारी पडलं. कोडं सुटलं होतं! पण कंपनीने हा प्रयोग दडवून ठेवला. पाऱ्याचं पाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिलं आणि गरीब कोळी तीच मासळी खात राहिले.

१९७० मध्ये होसोकावांनी आजारपणात अंथरुणावरूनच कोर्टापुढे सगळं सांगितलं. १९७३ साली कोळी कुटुंबं खटला जिंकली. पण गेलेली माणसं थोडीच परत येणार?

म्हणून लक्षात ठेवा बरं का, ज्याच्या ताटात विष आहे त्याला शोध आधी कळला पाहिजे.

आता तुमचं काम. तुमच्या नदी-ओढ्यात कुणाचं सांडपाणी येतं? ते पाणी कोण वापरतं? आईबाबांबरोबर जाऊन पाहा, वहीत लिहा. आणि ती वही दप्तरात ठेवू नका, वर्गात मोठ्याने वाचा!