घरचे सुतारकाम : कपाटामागचे दार

माजघराला लागून असलेली बियाण्याची अन् कागदपत्रांची खोली पाहुण्यांच्या नजरेआड असावी, असे पुष्कळांना वाटते. दाराच्या जागी पुस्तकांचे कपाटच बसवायचे आणि तेच दारासारखे उघडायचे, ही युक्ती जुनीच आहे. अ‍ॅमस्टरडॅम येथे १९४२ साली अ‍ॅन फ्रँकचे कुटुंब व इतर मंडळी, अशी आठ माणसे अशाच फिरत्या कपाटामागे लपून राहिली होती.

युक्ती सोपी, पण वजनाचे काय? पुस्तकांनी गच्च भरलेल्या फूटभर कप्प्याचे वजन ८ ते १० किलो होते. अडीच फूट रुंदीचे पाच कप्पे आणि लाकूड धरले की दीडशे किलोच्या आसपास भार झाला! तो साध्या बिजागऱ्यांवर टाकला, तर स्क्रू सैल होतात आणि कपाट खाली झुकून जमिनीला घासू लागते.

यावर उपाय आपल्या जुन्या वाड्यांतच आहे. तिथली जड दारे बिजागरीवर नव्हे, तर वर-खाली खुंटावर फिरत. भार सरळ जमिनीवर जाई. आपणही तेच करावे. सहा सुताच्या सळईचा खुंट लोहाराकडून जाड लोखंडी पट्टीवर जोडून घ्या. खाली दगडात बेअरिंग बसवा. दुकानात ‘वरून येणारा भार घेणारे’ असे सांगून मागा. वरच्या खुंटाला तरीही तीसेक किलोची ओढ बसतेच, म्हणून चौकट भिंतीत पक्की हवी. खुंट ओळंब्यात नसला, तर कपाट आपोआप उघडेल किंवा मिटेल.

कपाटाच्या पाठीला प्लायवूड चारही कडांनी स्क्रूने आवळा, म्हणजे सांगाडा तिरका होणार नाही. जड वह्या खुंटाच्या बाजूला ठेवा.

जाड कपाट फिरताना मागचा कोपरा चौकटीला अडतो. लाकूड कापण्याआधी पुठ्ठ्याचा तुकडा मापात कापा, खुंटाच्या जागी टाचणी टोचा आणि फिरवून पाहा. दहा इंच खोलीला इंच-दीड इंच फट लागते. सहा इंचाला अर्धा इंच पुरे. कपाटाच्या दर्शनी बाजूला पट्टी ठोकली की फट झाकते. खुंटाकडचा पुढचा कोपरा रंध्याने गोल करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कडी आतूनही उघडणारी हवी. लपाछपी खेळताना मूल आत अडकले, तर दार आहे हेच बाहेरच्याला कळणार नाही. कपाट मिटताना बोटे चिरडू नयेत म्हणून रबराचा अडथळा लावा. आणि धान्याला लावायच्या विषारी गोळ्या या खोलीत मुळीच ठेवू नका. त्यांचा वायू फटीतून घरात शिरतो आणि झोपेतल्या माणसाचा जीव घेतो.

दार लपलेले असावे. घरच्या प्रत्येकाला मात्र ते ठाऊक असावे.