लव्हबर्ड म्हणे!

आमच्याकडे सकाळी घड्याळाचा गजर लागत नाही, भांडण लागतं. फोंड्याहून पणजीला जाणारी कदंब गाठायची म्हणून मी सहाला उठतो. त्याच्या दहा मिनिटं आधी बाल्कांव जागा होतो. आधी एक कर्कश किंकाळी, मग तिला उत्तर, मग पंखांची फडफड आणि मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "झगडूं नाकात गो!" (आमच्या घरात वाचणं मराठीतून आणि ओरडणं कोंकणीतून चालतं. बऱ्याच गोमंतकीय घरांत तसंच असावं.)

पोपट म्हटलं तरी हे आपले देशी कीर नव्हेत. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मी पडलो सरकारी कारकून! ही आफ्रिकेतली जात. नामिबिया, अंगोला या कोरड्या मुलखातली. अंगानं हिरवी, तोंडानं पिकल्या पेरूच्या गराच्या रंगाची, आकारानं चिमणीपेक्षा जरा मोठी. इंग्रजांनी यांना नाव दिलं लव्हबर्ड, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला कचेरीतल्या मंडळींनी वर्गणी काढून ही जोडी मला भेट दिली. दुकानदारानं सांगितलेलं, नर-मादी आहेत, गॅरंटी! पिंजऱ्याला लाल फीत बांधलेली. बायकोनं पिंजऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यांचं कोण करणार?" धाकटीनं नावं ठेवली राघू आणि मैना. आता मैना म्हणजे साळुंकीच्या कुळातला पक्षी. पोपटाशी तिचा सोयरसंबंध जुळायचा नाही. पण लोकगीतांनी ही सोयरीक केव्हाच जुळवून टाकली आहे, तिथं माझं कोण ऐकतो? कलाशाखेचा पदवीधर म्हणून मी धाकटीला 'शुकसप्तती'तली गोष्ट सांगून पाहिली. नवरा परगावी गेलेला, बायको रात्री घराबाहेर पडायला निघालेली. मैना तिला सरळ उपदेश करते, तर तिची मान मुरगळायची वेळ येते. पोपट मात्र हुशार, तो रोज एक गोष्ट सांगून तिला अडकवून ठेवतो. धाकटी म्हणाली, "म्हणजे खरं बोलली म्हणून मैनेला मारणार होते?" मी विषय बदलला.

असो. दुसऱ्या वर्षी पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्यात अंडी दिसली. एक नाही, दोन नाही, चांगली नऊ! आईनं शेजारी जाऊन सांगूनही आली. महिना गेला, पिल्लू एकही नाही. पशुवैद्याला विचारलं तेव्हा तो हसला. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, नुसतं बघून कोणी गॅरंटी देऊ शकत नाही. नऊ अंडी एका मादीची नव्हेत, दोघींची आहेत. म्हणजे आमचा राघूही मैनाच! त्या दिवसापासून आईनं ओरडताना 'रे' चं 'गो' केलं. बाकी संसार होता तसाच चालू राहिला.

चालू राहिला म्हणजे भांडत राहिला. कारण मडकं एक आणि घरधनिणी दोन. या जातीची मादी कागदाच्या लांब पट्ट्या कातरते आणि शेपटीच्या वरच्या पिसांत खोवून घरट्याकडे नेते. पाहण्यासारखं काम असतं ते. मी खाली अंथरलेल्या नवप्रभेचे अग्रलेख अशा पट्ट्यापट्ट्यांनी मडक्यात गेले आहेत. एकीनं पट्टी खोवली की दुसरी ती मागून ओढायची. मग चोच, पंजे, किंकाळ्या. वाटीतले दाणे सारखेच, पण मैनेला राघूच्याच चोचीतला दाणा हवा.

आणि आम्हाला त्याची गंमत वाटायची, हे कबूल केलं पाहिजे. आला-गेला पाहुणा चहाचा कप घेऊन पिंजऱ्यापुढे उभा. "अगदी नवरा-बायकोसारखे भांडतात हो!" हा विनोद मी किमान शंभर जणांकडून ऐकला असेन आणि शंभर वेळा हसलो असेन. आमच्या गोव्यात रेड्यांच्या, बैलांच्या धिर्यांवर उच्च न्यायालयानं नव्वदच्या दशकात बंदी घातली. शेतात लोक गोल करून उभे राहायचे ते क्रौर्य, हे आम्हाला चटकन पटतं. बाल्कांवातल्या दोन फुटांच्या धिर्याला मात्र आम्ही करमणूक म्हणतो.

एका रविवारी पिंजऱ्याखालच्या कागदावर रक्ताचे थेंब दिसले. राघूच्या उजव्या पायाचं एक बोट टोकाला तुटलं होतं. ती कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली, आणि मैना मडक्याच्या तोंडाशी, जणू पहाऱ्यावर. त्या दिवशी पाहुण्यांचा विनोद मला आठवला आणि माझीच लाज वाटली.

पशुवैद्यानं जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. रानात हे पक्षी थव्यानं राहतात, आणि तिथंही भांडतात. पण तिथं जो हरतो तो उडून दुसऱ्या फांदीवर जातो, की भांडण संपलं. पिंजऱ्यात हरणाऱ्याला जायला फांदीच नाही. म्हणजे भांडखोर स्वभाव हा अर्धाच दोष, उरलेला अर्धा आमच्या सुताराच्या मापाचा. मला हे लगेच पटलं. आमच्या कचेरीत एका पंख्याखाली दोन टेबलं होती आणि पंख्याच्या बटणावरून दोन सज्जन माणसं तीन वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. एकाची बदली झाली, आता सणासुदीला फोन करतात.

तर मडकं काढा, अंड्यांचा मोसमच मोडा, समुद्रफेस ठेवा आणि दोन पिंजरे करा, असा सल्ला मिळाला. मडकं काढलं, समुद्रफेस आणला. दुसऱ्या पिंजऱ्याला मात्र आई आडवी आली. "घरात एक भिंत घातली ती पुरे नाही?" एवढंच म्हणाली आणि पेज ढवळत राहिली.

ही भिंत मी आणि थोरल्या भावानं २००९ मध्ये घातली. वडील गेल्यावर. तपशिलात शिरत नाही. विहीर, माडांचे पाडे आणि वीजबिल, गोव्यातल्या कुठल्याही घरातलं नेहमीचंच. स्वयंपाकघराच्या मधोमध चिरे चढले तेव्हा आई दिवसभर देवळात जाऊन बसली होती. मी तिला आठवण करून दिली नाही की भिंतीआधीच्या वर्षी दोघे भाऊ तिच्यादेखत एकमेकांवर हात उगारून उभे होते. ती विसरली असेल असंही नाही.

वडिलांचा कीर होता तेव्हा, तो कसा शांत होता, हे तिचं दुसरं म्हणणं. खरंच शांत होता. तेव्हा आम्हाला कायदा ठाऊक नव्हता. भातकापणीच्या दिवसांत कीरांचे थवे शेतावर उतरायचे, त्यातलंच पिल्लू कोणीतरी आणून दिलेलं. अकरा वर्षं तो एकटा पिंजऱ्यात होता, कधी कोणाशी भांडला नाही. भांडायला होतं कोण? शेवटी शेवटी स्वतःचीच पिसं उपटायचा, छातीचा भाग उघडा पडला होता. आम्ही म्हणायचो, गरमीनं होतं.

म्हणून आता कोणी नवपरिणित जोडप्याला असली जोडी भेट द्यायची म्हणाला की मी तोंडावर नको म्हणतो. वाईटपणा येतो, येऊ दे. पक्ष्यांनी आपल्या प्रेमाच्या कल्पना का वाहाव्यात? "मग सोडून का देत नाही?" असंही काही जण विचारतात. पिंजऱ्यातच जन्मलेला हा आफ्रिकेतला पक्षी फोंड्याच्या कुळागरात दोन दिवसही काढणार नाही, पहिला घास घार घेईल. घेतलंय तर निभावणं आलं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला तो नळीवरचा पोपट आठवतो. नळी फिरते, तो घाबरून घट्ट धरतो आणि समजतो की आपल्याला कोणी बांधलं आहे. त्याला निदान पाय उचलून उडता तरी आलं असतं. आमची तीही सोय नाही. त्यांचीही नाही आणि माझीही.

शेवटी आईला न विचारता दुसरा पिंजरा आणला, पहिल्यापेक्षा लांबीला दुप्पट. राघूला त्यात हलवलं आणि पिंजरा बाल्कांवाच्या दुसऱ्या टोकाला टांगला. झालं! दोघींनी आकांत मांडला. दिवसभर हाका. संध्याकाळी कामावरून आलो तर दाण्यांना कोणीच तोंड लावलेलं नाही. आई काही बोलली नाही, नुसती बघत होती, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पिंजरे जवळ आणले. मधे चार बोटं अंतर ठेवलं, चोच पोचणार नाही इतकं. तेव्हापासून दोघी आपापल्या दांडीच्या त्याच टोकाला बसतात, जिथून दुसरी जवळ पडते. सकाळी भांडतात अजून, पण लांबून. दुपारी मान वळवून झोपतात, दोघींच्या माना एकाच बाजूला.

थोरला भाऊ संध्याकाळी येऊन सोप्यावर बसतो, गेली काही वर्षं बसतोच. परवा पिंजऱ्याकडे बघत म्हणाला, "चार बोटं पुरतात?" मी म्हटलं, "पुरतात." मग आम्ही नारळाच्या भावाबद्दल बोललो.

रात्री पिंजरे झाकायचे असतात. मी दोन फडकी आणून ठेवली होती. आईनं ती घडी करून कपाटात टाकली आणि तिचं जुनं नऊवारी काढलं. एका लुगड्यात दोन्ही पिंजरे मावतात.